वास्तुशांतीच्या आधी

आरोग्य आणि निवारा या दोन खात्यांचा समन्वय व्हायला हवा, असं सरकारला त्या वर्षी वाटू लागलं. दिल्लीच्या करोल बागेतल्या कुमुद साठ्यांच्या घरात तो अठरा वर्षं रोज होत होता. कुमुद पहाडगंजातल्या दवाखान्यात क्षयरोगाच्या टेबलावर आरोग्यसेविका, आणि नवरा जयंत घरबांधणीचं काम पाहणाऱ्या एका मंत्रालयात अवर सचिव. दोन्ही खाती एका टेबलावर जेवायची. विषय मात्र गुडगावच्या नव्या फ्लॅटचा असायचा.

हरीश दवाखान्यात आला तो रक्ताचा रुमाल घेऊन. चाळिशीचा माणूस, मूळचा महोब्याचा, फरश्या बसवणारा मिस्त्री. थुंकीच्या तपासणीत जंतू निघाले. कुमुदने फॉर्म ओढला.

"पता?"

"स्टेशन के सामने, दीदी. तीसरा खंभा."

औषध सुरू करायच्या आधी सेविकेने रोग्याचं घर स्वतः पाहून सही करायची, असा नियम होता. नियम तसा शहाणा होता. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, कुणी मध्येच सोडल्या तर त्याला शोधायला दार हवं. फक्त नियम करणाऱ्यांचा असा समज होता की दार प्रत्येकाला असतंच.

"खंभे का पिनकोड होता है क्या, मॅडम?" डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

कुमुद रैनबसेऱ्यात, बेघरांच्या सरकारी रात्रनिवाऱ्यात, गेली. तिथे खाट मिळाली असती तर पत्ताही मिळाला असता. व्यवस्थापक भला माणूस होता, त्याने तिला चहा पाजला. खोकणाऱ्याला मात्र घेता येत नाही म्हणाला. रोग पसरत नाही असं दवाखान्याचं पत्र आणा. डॉक्टर म्हणाले, पत्र दोन महिने गोळ्या घेतल्यावर. गोळ्या पत्ता मिळाल्यावर. पत्ता खाट मिळाल्यावर. नऊ दिवस कुमुद या गोल चकरा मारत होती. कुणीही तिच्याशी वाईट वागलं नाही, हे तिला जास्त झोंबलं. त्या नऊ दिवसांत हरीशचं वजन तीन किलोंनी उतरलं.

जयंतला तिने हे सांगितलं, तर तो खूशच झाला.

"अगं, त्यासाठीच तर आमची समन्वय समिती आहे! तुमच्या खात्याचेही लोक येतात. परवाच दुसरी बैठक झाली."

"काय ठरलं?"

"तिसरी कधी घ्यायची ते."

"आणि तोवर?"

"तोवर काय, यार कुमुद, सिस्टिमला वेळ द्यावा लागतो."

"तुमच्या सिस्टिमला वेळ त्याचं फुप्फुस देतंय."

जयंतने पोळी तोडली आणि वास्तुशांतीवर आला. तारीख एकवीस, साठ पानं, पुण्याहून थोरले बंधू राजाभाऊ. ताबा मिळून दोन महिने झाले होते, पण पूजा होईपर्यंत तिथे कुणी राहायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. कुमुदला तिथे चहासुद्धा उकळू दिला नव्हता. किल्ली देवघराच्या खणात होती, हळदकुंकू लावून.

दुसऱ्या दिवशी तिने हरीशला सहज विचारलं, खांबाच्या आधी कुठे राहत होतास.

"गुडगाँव में, दीदी. टॉवर बन रहा था." त्याने टॉवरचं नाव सांगितलं. "डी ब्लॉक, ग्यारहवीं मंज़िल. आठ महीने वहीं सोए. टाइलें भी हमने लगाईं. एक रसोई में कोने वाली टेढ़ी रह गई. खाँसी से हाथ हिलता था. किसी मैडम ने शिकायत कर दी, ठेकेदार ने उसी दिन निकाल दिया."

कुमुदचं पेन थांबलं. आपल्या नव्या स्वयंपाकघरातली ती फरशी तिला ठाऊक होती. तक्रारीचं पत्र तिनेच लिहिलं होतं, फोटो जोडून.

तिने फॉर्मवर लिहिलं: फ्लॅट ११०४, डी ब्लॉक. आठ महिने तो तिथे झोपला होता, तिथले मालक अजून एक रात्रही झोपले नव्हते. खाली तिने सही ठोकली.

डॉक्टरांनी फॉर्म पाहिला. "मॅडम, ये तो हरियाणा है."

दिल्लीतली माणसं गुडगावला दिल्लीच समजतात, कुमुदही समजली. रजिस्टर तसं समजत नाही. हरीशचं नाव दिल्लीच्या यादीतून 'बदली' असा शेरा मारून काढलं गेलं. कार्ड सीमेपलीकडे गेलं. गुरुवारी तिथली सेविका पत्ता बघायला येणार होती. दार बंद दिसलं तर पत्ता खोटा, आणि मग हरीश दोन्ही राज्यांत नसणार.

बुधवारी तिने देवघराच्या खणातून किल्ली उचलली आणि हरीशला घेऊन बसने गुडगावला गेली.

फाटकावरचा गार्ड म्हणाला, "मज़दूर सर्विस लिफ्ट से जाएगा."

"जानते हैं," हरीश म्हणाला. "जब लिफ्ट नहीं थी, तब भी हम ही चढ़े थे."

तिने सगळ्या खिडक्या उघडल्या, सतरंजी टाकली, चार दिवसांचा शिधा ठेवला आणि त्या ओट्यावर पहिला चहा उकळला.

गुरुवारी सेविका आली. निधी नावाची, पंचविशीची, घामाघूम. तिने बेल वाजवली आणि दार हरीशने उघडलं. निधीने फॉर्मवर खूण केली.

"मकान किसका है? मरीज़ से रिश्ता?"

"मकान मेरा है," कुमुद म्हणाली. "बनाया इन्होंने है. रिश्ता लिखो, टाइल की शिकायत मैंने की थी."



"अच्छा," हरीश म्हणाला. "वो आप थीं." आणि खोकत खोकत गॅलरीत जाऊन उभा राहिला.

निधीने त्या रकान्यात 'परिचित' लिहिलं. सोमवारपासून गोळ्या सुरू झाल्या.

जयंतला कळलं ते गार्डकडून.

"अगं, वास्तुशांत व्हायचीय अजून! टीबीचा माणूस! सोसायटीवाले काय म्हणतील?"

"वास्तुशांत सहा महिन्यांनी करू. कोर्स तेवढाच आहे."

"त्याची व्यवस्था समिती करेल ना! पुढच्या बैठकीत मी स्वतः मुद्दा मांडतो."

"बिल्कुल मांडा. बैठक तिथेच घ्या, अकराव्या मजल्यावर. चहा हरीश करेल."

"राजाभाऊंना काय सांगू? तिकिटं काढलीत त्यांनी." उत्तराची वाट न पाहता त्याने फोन लावला. "हॅलो, दादा? अरे, जरा पाइपलाइनचं काम निघालंय रे फ्लॅटमध्ये..."

कुमुदने रिसीव्हर काढून घेतला.

"पाइपलाइन ठीक आहे, राजाभाऊ. घरात एकजण आजारी आहे. तो बरा झाला की पूजा करू."

"अरे देवा! आपल्यातलं कोण गं?"

"घर बांधणारा," कुमुद म्हणाली. जयंत खुणेने फोन ठेव, फोन ठेव म्हणत होता. तिने ठेवला नाही. पुढचा प्रश्न तिला ऐकायचा होता.