सात फेऱ्या पुढे

मी एक जुनी चकती आहे. लोखंडाची, लहान ताटलीएवढी. मधोमध कणा, कण्याला लाकडी मूठ. कडेवर एक खाच आहे. मला टेकवून चालवलं की ती खाच फिरून पुन्हा खाली येते, तेवढ्यात बरोबर दोन फूट सरतात. एवढंच मला येतं.

मित्रांनो, एकेचाळीस साली पनवेलच्या एका लोहाराने मला कापलं आणि काशिराम सुताराच्या हातात दिलं. काशिराम बैलगाडीची चाकं बनवी. लाकडी चाक तयार झालं की त्याच्या कडेवरून तो मला फिरवी. मोठ्या चाकाला आठ फेऱ्या लागत. मग चाकावर चढवायची लोखंडी धाव त्याच मापाची कापायची. पण अगदी त्याच नाही, दीड बोट कमी. तापवली की धाव फुगते, चाकावर बसते, आणि पाणी ओतलं की आवळते. दीड बोट कमी नसेल तर ती वाटेतच निसटेल. म्हणून आठवी फेरी झाली की काशिराम मला दीड बोट मागे घेई आणि तिथे खूण करी.

खूण.

मागे घेई आणि तिथे खूण करी. तीसुद्धा न बघता. गप्पा मारता मारता त्याचा हात आपोआप मागे येई. "चाक मोडेल, पण काशिरामची धाव सुटायची नाय," असं गाडीवाले म्हणत. ते ऐकून मी मुठीपर्यंत ताठ होई. मग ट्रक आले, गाड्यांना रबरी टायर आले. माझ्यावर गंज चढला, कोळिष्टकं लागली. वर्षानुवर्षं मी खिळ्यावर लटकून राहिले.

खूण.

मी खिळ्यावर लटकून राहिले होते, तेव्हाच त्रेसष्ट साली दिवा स्टेशनाकडून पनवेलला रेल्वे यायची तयारी चालली होती. वाचनालयाने त्या आनंदात प्रदर्शन ठरवलं. सोळा फुटी टेबलावर लाकडाचं छोटं पनवेल, खाडी, बंदर आणि त्यातून धावणारी छोटी रेल्वे. ते बनवायचं काम काशिरामकडे आलं. वर मोठी पाटी लागायची होती : पनवेलची पहिली रेल्वे.

काशिराम ती पाटी रंगवत असताना मिठागरातली हौसाबाई दारात येऊन उभी राहिली.

"पयली? आनि आमची काय व्हती? मिठागरापासनं बंदरावर रूळ व्हतं. मिठाचं डबं मानसा ढकलायची. माजा बापूस बुधाजी सांदा बदलायचा, बंदराकडं का गिरणीकडं ते त्योच ठरवायचा."

ही गोष्ट ती पन्नास वर्षं सांगत होती. रूळ कधीच कुणीतरी उचलून नेले होते, आणि पाहिलेली माणसं उरली नव्हती. गल्लीने थट्टेने तिचं नाव ठेवलं होतं, रेल्वेवाली.

प्रदर्शनाचे प्रमुख नेने मास्तर. त्यांनी वाचनालयाचं कपाट उपसलं आणि खरंच मिठागराच्या रुळांचा एक जुना नकाशा निघाला. त्यावर लिहिलं होतं : दगडी फाटकापासून सांध्यापर्यंत २४०० फूट.

हौसाबाईचा चेहरा उजळला. मास्तरांनी चष्मा पुसला.

"बाई, ही नुसती योजना. कागदावर लोक चंद्रावरसुद्धा जातात. रूळ पडले कशावरून?"

"सांद्याचा दगड हाय ना! त्याला कडी हाय. मी तिला शेली बांदायची. आता चिखलात गाडलाय त्यो."

"रविवारी प्रदर्शन. शनिवारपर्यंत दगड दाखवा, तर तुमची रेल्वे टेबलावर. नाहीतर बुधाजींचं नाव मला घेता येणार नाही."

काशिरामने मला खिळ्यावरून उतरवलं.

खूण.

काशिरामने मला उतरवलं, गंज घासला, मुठीला तेल लावलं. शुक्रवारी मिठागराच्या दगडी फाटकापासून बांधावर मी धावू लागले. आठ फेऱ्या, रेघ. आठ फेऱ्या, रेघ. दीडशे रेघा झाल्या, म्हणजे चोवीसशे फूट. तिथे कंबरभर खणलं.

चिखल. नुसता चिखल.

"हितं नाय," हौसाबाई म्हणाली. "पुढं."

"हौसाबाय, तुमी इसरल्या असाल. माझी चकती खोटं बोलत नाय."

मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हते. पण तरीही काहीतरी चुकत होतं, आणि मला तोंड नव्हतं. हौसाबाई खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. शेवटी काशिराम चिडून म्हणाला, "चला, तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा मोजतो."

खूण.

चिडून तो पुन्हा मोजू लागला. हौसाबाई शेजारून चालत होती. तिसऱ्या रेघेपाशी ती थांबली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं?"

"तू खेकडा हायस का रं? दर येलेला मागं कशाला सरतोस?"

काशिरामने आपल्या हाताकडे पाहिलं. मी रेघेवर होते. आठवी फेरी संपली तिथून रेघ दीड बोट मागे होती.

तो बांधावर मटकन बसला. "आरं देवा! मी जमिनीला धाव चढवतोय!"

मित्रांनो, आता ध्यानात आलं? मीसुद्धा गोष्ट सांगताना दर खुणेला थोडी मागे येत होते. सवय. आता नाही येणार.

दीडशे वेळा दीड बोट. सव्वादोनशे बोटं. चौदा फूट कमी.

खड्ड्याच्या पुढे त्याने मला टेकवलं. एक. दोन. तीन. हौसाबाई मोठ्याने मोजू लागली. चार. पाच. सहा.

सात.

दुसऱ्याच घावाला पहार खणकन वाजली.

काळा दगड. त्यात रोवलेला लोखंडी खुंट. आणि बाजूला, गंजून जाड झालेली, बांगडीएवढी कडी.

हौसाबाई खड्ड्यात उतरली. कडीत बोट घालून तिने ती हलवली. कडी किरकिरली. "बाबा," ती म्हणाली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि ओरडली, "बोलवा त्या चंद्रावरच्या मास्तरला!"

मास्तर धोतर सावरत आले. वाकले. कडी पाहिली. चष्मा काढून हौसाबाईला म्हणाले, "मी चुकलो." आणि गुडघाभर चिखलात उतरून स्वतः दगड धुवायला बसले.

शनिवारभर रंधा थांबला नाही. रविवारी टेबलावर दोन रेल्वे होत्या. पाटीवरचं 'पहिली' खरवडून काशिरामने 'दुसरी' रंगवलं होतं. मिठागरापासून बारीक रूळ, पत्र्याचे चार डबे, आणि सांध्यापाशी लाकडाचा बुधाजी.

"शेली कुटं हाय?" हौसाबाईने विचारलं.

"बाई, रेल्वेच्या प्रदर्शनात शेळी?"

"शेली नाय तं सांदा नाय."

मास्तरांनी काशिरामकडे पाहिलं. काशिरामने खिशातून लाकडाची शेळी काढून सांध्याजवळच्या छोट्या कडीला बांधली. तो ती आधीच करून आला होता.

मग हौसाबाईने छोटा दांडा ओढला. डबे सांध्यावर आले, डगमगले, आणि बंदराकडे वळले. सगळं वाचनालय टाळ्यांनी हललं. गल्लीतलेच लोक ओरडले, "रेल्वेवाली!" यावेळी ती मान ताठ करून हसली.

मी त्याच टेबलाच्या कडेला टांगलेली होते, घासून चकचकीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं माप असेल, तर त्याचा गंज पुसा, मुठीला तेल लावा. मोजताना आपल्या हाताकडेही एकदा बघा. आणि एखादी म्हातारी "पुढं" म्हणाली, तर खोरं खाली ठेवू नका. थोडं पुढे खणा.

फार नाही. सात फेऱ्या.