बाजूचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंचा दरारा असा, की भलेभले त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडताना घाम पुसत. त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, पण तो त्या क्वचितच दाबत. मी दाबत राहिले तर तुम्ही जन्मभर माझ्याच पायाकडे बघाल, असं त्या सगळ्यांना सुनावत.

घरी मात्र या वाघिणीची शेळी व्हायची. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झाल्यापासून साखर तपासायची मुलाने, डोस लावायचा मुलाने, टोचायचं पेनही त्यानेच हातात द्यायचं. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, बाईंना ते तोंडपाठही होतं. तरी टोचायची वेळ आली की नजर आधी मुलाच्या चेहऱ्याकडे जायची. मुलगाही असा, की आईच्या बशीत डोकावल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन नसे.

अशात त्याला दुसऱ्या शहरात हवी तशी नोकरी चालून आली आणि तो नकार कळवायला निघाला. "तुला एकटीला सोडून जाऊ कसा?" सकाळी नाश्त्याला बसल्यावर तो एवढंच म्हणाला, आणि बाईंच्या घशाखाली घास उतरेना. पोराची नोकरी आपल्यापायी बुडणार, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. इन्सुलिन घेऊन झालं होतं. तरी अर्धा नाश्ता तसाच टाकून त्या तडक कामावर गेल्या.

त्या दिवशी गाडी ब्यूटी पार्लरवालीच्या हाती होती. ही बया कात्री चालवताना कुणाच्या बापाला भ्यायची नाही, पण वळण आलं की रस्ता सोडून मास्तरीणबाईंच्या पायाकडे बघायची. आताही तिने तेच केलं. बाई तिला झापणार, तोच त्यांचे हात थरथरू लागले, मान घामाने भिजली. मुलाला फोन करून विचारावं म्हणून त्यांनी पर्स उघडली आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. त्याही दुसऱ्याच्या पायाकडेच बघत होत्या की!

"गाडी कडेला घे आणि बंद कर," त्या म्हणाल्या.

पर्समधून फोनऐवजी यंत्र काढून त्यांनी बोट टोचलं. साखर बरीच उतरली होती. पाण्यात ग्लुकोज कालवून त्या प्यायल्या, घड्याळ लावून थांबल्या, पुन्हा तपासलं. आकडा वर आल्यावर बिस्किटं खाल्ली आणि मगच मुलाला फोन लावला. ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. निघतोच म्हणाला.

"येऊ नकोस. विचारायला नाही, सांगायला फोन केलाय," बाई म्हणाल्या. "माझंच खाणं कमी पडलं. ते मीच ओळखलं आणि मीच निस्तरलं."

पुरतं बरं वाटल्यावरच बाईंनी गाडी सुरू करायला सांगितली. परतीच्या वाटेवर पार्लरवालीने एकदाही खाली पाहिलं नाही. आज बाईंच्या पायाचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता, तिला दुसरा इलाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी साखर स्वतः तपासली, डॉक्टरांनी सांगितलेला डोस स्वतः लावला. सवयीने नजर वर गेलीच. मुलगा समोरच बसला होता, काळजीने पार अवघडलेला, पण मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी टोचून घेतलं, बशी पुढे ओढली आणि नाश्ता शेवटच्या घासापर्यंत संपवला.

"आई," तो खिडकीकडे बघतच म्हणाला, "माझी मोठी बॅग कुठे ठेवलीयेस?"