सुखी उंदरांचं दुखणं

प्रयोगशाळेतली धाकटी संशोधिका तीन आठवडे उंदरांना छळत होती, आणि तेही पगार घेऊन. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींशी जोडलेल्या असतात, ते सांधे शिकताना बळकट होतात. मग सततच्या ताणाने ते ढिले पडतात का, आणि उदासी तिथूनच येते का, हे तिला बघायचं होतं. म्हणून बारा उंदरांचे पिंजरे रोज तिरके ठेवायचे, भुसा ओला करायचा. दुसऱ्या बारांची मात्र जावयासारखी बडदास्त.

शेवटी सगळ्यांपुढे साधं पाणी आणि साखरपाणी ठेवलं. उदास उंदराला गोडाचंही काही वाटत नाही.

झालं भलतंच. छळलेले साखरपाण्यावर तुटून पडले. बडदास्तीतले भिंतीकडे तोंड करून बसले. त्यातल्या चौघांच्या मेंदूचे काप तपासले, तर सांधे विरळ झालेले.

"मामा, पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या का हो?" पिंजरे सांभाळणाऱ्या मामांना तिने विचारलं.

"चिठ्ठ्या जागच्या जागी आहेत. पिंजरे कुठे आहेत ते बघा ना."

सुखी उंदीर होते प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, म्हणजे साहेबांच्या, केबिनच्या काचेला लागून. साहेब फोनवर बोलत तेव्हा खरं तर फोनची गरज नसे.

"आणि छळलेले एवढे खुशीत कसे?"

मामांनी मान खाली घातली. "दया यायची हो. भुसा ओला केला की जरा कुरवाळायचो."

तिने जाऊन साहेबांना सगळं सांगितलं.

"मी ओरडतो?" साहेब ओरडले. काचेपलीकडे उरलेले आठच्या आठ उंदीर भुशात घुसले. ते पाहून साहेब खाली बसले.

त्या दिवसापासून ते कुजबुजत बोलू लागले. तीन आठवड्यांत सहा उंदीर पुन्हा गोडावर आले. दोघे मात्र साहेब दिसले की पाठ फिरवत.

मग एका सकाळी साहेबांच्या बायकोचा फोन आला. "अगं, तुम्ही ह्यांना केलंय काय? घरीसुद्धा कुजबुजतात. मला वाटतं, काहीतरी लपवतायत."

"नाही हो वहिनी, उंदरांसाठी आहे ते," संशोधिका म्हणाली.



"वीस वर्षं मी सांगतेय," वहिनी म्हणाल्या, "आणि ऐकलं कुणाचं, तर उंदरांचं."