वालाच्या मांडवावरची उजवी चप्पल

मी बोलतेय. खाली कुठं बघताय? मान वर करा. वालाच्या मांडवाला सुतळीनं टांगलेली ही मी, एक जुनी चप्पल. उजव्या पायाची. चपलेनं माणसाच्या डोक्यावर बसून बोलावं हे बरं दिसत नाही, ठाऊक आहे मला. पण इथं मला माणसांनीच चढवलंय.

माझा जन्म मोहाडीच्या आठवडी बाजारात झाला, चौऱ्याहत्तर साली. माझा तळ ट्रकच्या टायरचा. साकोलीच्या रस्त्यानं त्या टायरनं किती चकरा मारल्या असतील, देव जाणे. त्यामुळं चहूकडं बघत राहायची खोड मला जन्मापासूनच. माझी जोडीदारीण डावी मात्र गरीब. मी सगळ्यांच्या उंबऱ्यात डोकावायची आणि ती नुसती कुरकुरायची.

आम्हांला घेतलं आंधळगावच्या टिकारामजींनी. चार वर्षं त्यांच्यासोबत आम्ही धानाच्या शेतातल्या बांध्या तुडवल्या, कीर्तनाच्या दाराशी बसलो, दोनदा दुसऱ्याच्या पायात जाऊन परत आलो. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात चिखलात माझा पट्टा तुटला. टिकारामजींनी नवी जोडी आणली आणि आम्हांला मागच्या वाडीत टाकून दिलं. दुसऱ्याच दिवशी एका कुत्र्यानं डावीला तोंडात धरून नेलं. मी एकटी उरले.

वाडी मात्र बघण्यासारखी होती. टिकारामजींच्या बायकोचा, निर्मलाबाईचा, हात मातीला लागला की काहीही उगवायचं. वाल, वांगी, टमाटर, मिरच्या. कुंपणापलीकडं शकुनबाईची वाडी. ही निर्मलाबाईपेक्षा दहा वर्षांनी मोठी, एकटीच राहणारी, आणि हिला नाद फुलांचा. शेवंती, झेंडू, मोगरा, आणि कोपऱ्यात फळांनी लदलेली एक पपई.

दोघींच्या मधल्या तुराट्यांच्या कुंपणात एक वाट होती. हातात वाटी घेतलेली बाई तिरपी होऊन जाईल, एवढीच. त्या वाटेनं इकडून भाजी जायची, तिकडून फुलं यायची. गावातल्या बातम्या दोन्हीकडून. शकुनबाईला दुसरं घर म्हणाल तर निर्मलाबाईचंच. निर्मलाबाई तिला ‘बाई’ म्हणायची, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

मग कार्तिकात वाल फुलला. असा फुलला, की मांडव जांभळा झाला. शकुनबाई वाटेतून आली आणि गालावर हात ठेवून उभी राहिली.

“काय फुलला वं माय तुहा वाल! पान दिसून नाई राहिलं!”

झालं. तिसऱ्या दिवशी फुलांवर काळा मावा पडला. निर्मलाबाईनं राख फुंकली, नळीच्या पाण्यानं वेल धुतला, आणि मग इकडंतिकडं बघून मला उचललं. नजर लागू नये म्हणून भरल्या मांडवावर जुनी चप्पल टांगायची आमच्याकडं रीतच आहे. घाईघाईनं मला बांधलं, तेव्हा माझं तोंड रस्त्याकडं होतं. हे नीट लक्षात ठेवा.

आता खरं सांगते. रस्त्याकडं बघण्यासारखं काय होतं? एक बैलबंडी, दोन कोंबड्या. शकुनबाईच्या मागच्या दारात मात्र सकाळपासून मौज. ती पपईशी बोलायची, मांजरीला शिव्या द्यायची, चहात गूळ टाकून स्वतःलाच “साखर महाग झाली जी” म्हणून समजवायची. वारा आला, सुतळी फिरली. मी थांबायचा प्रयत्न केला असता तर थांबले असते. नाही केला. माझं तोंड थेट शकुनबाईच्या दाराकडं झालं.

सकाळी ती फुलांची परडी घेऊन निघाली, तर समोर मी.

“हे काय होय, निर्मला? माह्या दाराकडं खेटर?”

“बाई, ते तं वालासाठी—”

“समजलं मले! माही नजर वाईट. लेकरासारखी तुही वाडी पाह्यली, आन आता मी चेटकीन झालो!”

निर्मलाबाईच्या मनात चोर होता; ती खाली बसून गळलेली फुलं वेचू लागली. त्या दुपारी शकुनबाईनं बोरीच्या काट्या ओढून आणल्या आणि वाट बुजवली. मी वरून बघत होते. बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, बायांनो, निर्मलाबाईचा काही गुन्हा नाही, भोचक मी आहे! पण आम्हां चपलांची जीभ बोलायच्या कामाची नसते.

चार दिवसांनी बघते तर काय, समोर पपईच्या झाडाला माझी डावी! कुत्र्यानं तिला शकुनबाईच्याच वाडीत टाकलं होतं. तिथं ती झेंडूखाली पडून होती. शकुनबाईनं तिला मुद्दाम उंच बांधली, तोंड निर्मलाबाईच्या चुलीकडं करून. पाच महिन्यांनी आम्ही बहिणी भेटलो, आणि त्या एकमेकींवर रोखलेल्या.

पुढचे अडीच महिने वाईट गेले. इकडं शेंगांना खाणारं कोणी नाही, तिकडं शेवंती झाडावरच सुकू लागली. देव्हाऱ्यात निर्मलाबाई नुसती हळद वाहायची. टिकारामजींच्या ताटात रोज तेच.

“आज बी वालच? अवं, बाईकडं दे थोडा.”

“ते घेत नाई.”

“तू देऊन पाह्यली का?”

निर्मलाबाईनं आणखी एक पळी वाल ताटात वाढला. टिकारामजी पाय चोळत म्हणाले, “नवी चप्पल चावते, आन जुनी तुमी दोघींनं वाटून घेतली. दोन्ही घरची इज्जत माह्याच चपलेले टांगली!”

निर्मलाबाई रोज एक वाटी भाजी भरायची. कुंपणापर्यंत जायची, काट्या बघायची, परत यायची. हे मी पाहिलंय. शकुनबाई पलीकडं परडीत थोडी फुलं वेगळी ठेवायची, तेही पाहिलंय. आणि मान वळवून दुसरीकडं बघायची सोय मला नव्हती.

पौषातल्या एका सकाळी वांदरं आली. काळ्या तोंडाची, लांब शेपटांची, वीस-पंचवीस. धपाधप छपरांच्या कवेलूंवर. अर्धी वालावर, अर्धी पपईवर. दोघी बाया आपापल्या दारातून धावल्या. हाताला दगड लागेना, तेव्हा निर्मलाबाईनं मलाच सुतळीसकट ओढलं आणि भिरकावलं. तिकडून शकुनबाईनं डावीला फेकलं. डावी वाटेतल्या काट्यांवर पडली. मी शकुनबाईच्या छपरावर जाऊन आपटले, एका हुप्प्याच्या पुढ्यात.

त्यानं मला उचललं. हुंगलं, कानाला लावलं. आणि मग खाली बसून, शप्पथ सांगते, मला पायात घालून पाहिलं!

खालून शकुनबाई ओरडली, “निर्मला! पाह्य वं, तुहा नवरा वर चढला!”

अडीच महिन्यांतलं पहिलं बोलणं ते. निर्मलाबाई पोट धरून हसली. “आमचे मालक एवढे चपळ नाईत, बाई!”

“आन एवढे देखणेबी नाईत!”

वांदर दचकून मला टाकून पळालं. दोघी हसत कुंपणाशी आल्या आणि काट्यांपाशी थबकल्या. हसणं थांबलं. मला वाटलं, गेलं आता हातचं. पण शकुनबाईनं काट्यांना हात घातला आणि ओढून बाजूला केल्या. हातात काटा भरला. निर्मलाबाई तिरपी होऊन आत शिरली, बांगडीतली सेफ्टीपिन काढली आणि तिचा हात मांडीवर घेतला.

“माह्याकडं तोंड काहून केलं होतं वं चपलेचं?”

“मी रस्त्याकडं बांधली होती, बाई. ते आपली आपन फिरली.”

“फिरली म्हने! चपलेले अक्कल आली का?”

“बाई, पन तुमी नावाजलं, आन मावा पडला, तं माह्या मनात आलं,” निर्मलाबाई खाली बघत म्हणाली. “खोटं कायले बोलू?”

शकुनबाईनं हात तिच्या मांडीवरच राहू दिला. मग म्हणाली, “खरं बोलली, बरं केलं. काटा निघाला का?”

त्या दिवशी आम्हां दोघींना एकाच सुतळीत बांधून वाटेशेजारी मांडवाला टांगलं. दोन्ही वाड्यांना मिळून एक जोडी.

आता शहाऐंशी साल चालू आहे. माझा पट्टा गळून गेला, डावीच्या टाचेत मुंग्यांनी घर केलंय. शकुनबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जिच्या नजरेला भिऊन मला वर चढवलं, तिला आता मांडवाची नुसती सावली दिसते. निर्मलाबाई तिचा हात धरून वाटेतून आणते आणि शेंगांचा घोस हातात देते.

“पाहा, बाई.”

शकुनबाई एकेक शेंग चाचपते. “लय लागला वं माय!” ती म्हणते, आणि निर्मलाबाई म्हणते, “अजून नावाजा.”

तर मंडळी, माझं एकच मागणं. कोणाच्या मांडवावरची चप्पल तुमच्या दाराकडं तोंड करून दिसली, तर लगेच काट्या ओढू नका. आमच्यात एखादी भोचक निघते.

काल शकुनबाईनं विचारलं, “निर्मला, ते चप्पल आता कोनीकडं पाहून राहिली वं?”

निर्मलाबाईनं मान वर केली. मी हळूच वळले होते.

“तुमच्याचकडं, बाई.”

“पाहू दे,” शकुनबाई म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली. म्हणजे, माझ्यापासून दोन हात डावीकडं बघून.