मांजूचा चौथा डबा

ओरिहारा गुरुजींनी किनुएमावशींच्या ओसरीवर मांजूचा, म्हणजे गोड सारण भरलेल्या जपानी बनांचा, तिसरा डबा ठेवला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि उठले. मुख्य गोष्ट याही खेपेला घशातच अडकली. तोंडावर काही मागायचं म्हणजे गुरुजींना घाम फुटे.

सूर्यावरून सुटणारा वारा कुठे किती वेगानं वाहतो, हे गुरुजी विद्यापीठासाठी तीन डोंगरांवरच्या तीन अँटेनांनी दिवसभर मोजत. कचेरीतल्या नकाशात दर वर्षाची एक उभी पट्टी, वर सूर्याचा उत्तर ध्रुव, खाली दक्षिण: वेगवान वारा निळा, संथ वारा तांबडा. यंदा सूर्य अगदी शांत होता. असं वर्ष अकराएक वर्षांनी येतं, आणि पुढच्या वेळी गुरुजी निवृत्त झालेले असणार. नेमकी हीच पट्टी कोरी राहायची वेळ आली होती, कारण मावशींनी रानडुकरांच्या धास्तीनं रताळ्यांना विजेचं कुंपण घातलं होतं आणि त्यातून सुटणाऱ्या रेडिओलहरींच्या टकटकीत शेजारच्या अँटेनाला दुसरं काही ऐकूच येईना.

फाटकापाशी गुरुजी सहज वळले, तर मावशी पर्सिमनच्या फळझाडाखाली करवत घेऊन उभ्या.

“हे काय, मावशी?”

“याचाच त्रास होतोय ना तुम्हाला? पहिल्या डब्यानंतर मी पाचोळा जाळणं थांबवलं. दुसऱ्यानंतर कोंबडा लेकीकडे धाडला. आता उरलं हेच. ह्यांनी लावलेलं आहे, पण तुम्ही उगाच का तीनतीनदा याल?”

गुरुजी धावत मागे आले. “झाड नको, मावशी. कुंपण. कुंपणाची वीज.”

मावशींनी करवत खाली ठेवली. “मग इतके दिवस तोंडात काय मांजू धरला होता? डुकरं येतात रात्री, तुमचा सूर्य दिवसा. सकाळी बंद करीन, तिन्हीसांजेला लावीन. कोंबडा तेवढा परत आणून द्या.”

कोंबडा गुरुजींनी स्वतः आणला. मावशींनीही एक दिवस चुकवला नाही.

बर्फ पडायच्या आत गुरुजी चौथा डबा घेऊन आले. मावशींनी डब्याकडे संशयानं पाहिलं.

“आता काय बंद करू?”

“काही नाही. पट्टी भरली. वरखाली दोन्ही ध्रुवांकडे निळी. तुमच्यामुळे भरली, मावशी. मी जन्मभर विसरणार नाही.” आणि ते कमरेत वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

“पुरे. पाठ धरेल,” मावशी म्हणाल्या. रिकामा डबा रिकामाच परत द्यायचा नसतो, म्हणून आधीचे तिन्ही डबे घेऊन त्या झाडाखाली गेल्या आणि पिकलेली पर्सिमनं तोडून भरू लागल्या.