हसरा फोटो चालत नाही

आमच्या स्टुडिओत मी दिवसातून साठ वेळा एकच वाक्य म्हणते: तोंड मिटा, समोर बघा, हसू नका. परवान्याचे, ओळखपत्राचे, पासपोर्टचे फोटो काढणं हे माझं काम. हसरा फोटो ऑफिसात चालत नाही, दात दिसले की अर्ज परत. थोडक्यात, तीन वर्षं मी लोकांचं हसू पुसायचा पगार घेतेय आणि त्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही.

म्हणून तर बस ड्रायव्हरचा फोटो दोनदा परत आला तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ड्रायव्हर म्हणजे अजून व्हायचा होता. परीक्षा पास झाला होता, परवाना तेवढा या फोटोपायी अडला होता. पहिल्या फोटोत गालावर खळी आणि वरचे चार दात. दुसऱ्यात ओठ कसेबसे मिटलेले, पण बाकी सगळा चेहरा हसतोय. दोन्ही वेळा मी बटण दाबायला आणि त्याचं हसू सुटायला एकच गाठ पडली. मलाही त्याच्यावर रागावता आलं नाही, हे कबूल करते.

‘तुला बघून हसतो गं तो,’ असं कोणीतरी म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. वकिलीण काही म्हणेना. वकिलीण म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसून फोटोंमधले डाग काढते आणि दिसेल त्या गोष्टीवर वाद घालते, म्हणून हे नाव.

“त्याचा चेहराच तसाय,” ती म्हणाली. “काही माणसं असतात हसरी. उगाच हवेत इमले बांधू नकोस. मागच्या वर्षीचं विसरलीस?”

विसरेन कशी? मागच्या वर्षी संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये एक मुलगा तीन महिने माझ्याकडे टक लावून बघायचा. शेवटी धीर करून मीच विचारलं. तो माझ्या डोक्यामागच्या घड्याळाकडे बघत होता, क्लास कधी सुटतो म्हणून. मैत्रिणींनी सहा महिने मला ‘घड्याळ’ अशी हाक मारली. मी ते हसण्यावारी नेलं, पण घरी जाऊन रडले होते. पुन्हा स्वतःचं हसं करून घ्यायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

आता मला एवढंच कळायला हवं होतं. चेहरा मुळात हसरा, की मला बघून हसरा?

शुक्रवारी दुपारी तो तिसऱ्यांदा आला. सोमवारी कामावर रुजू व्हायचं तर आज ऑफिस बंद व्हायच्या आत फोटो द्यायला हवा होता. “आज नाही हसणार,” तो हसत म्हणाला. आमच्या मालककाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मी कॅमेरा वकिलीणबाईंच्या हातात दिला. “तू काढ. मी पडद्यामागे थांबते.”

तिच्यासमोरही तो हसला तर विषय संपला, आणि बिचाऱ्याची नोकरी लांबली ती वेगळीच. पडद्यामागे मोडके स्टँड होते, त्यांच्यात मी एक. बाहेर ती म्हणाली, “तोंड मिटा.” मग क्लिक झालं. मग नुसतं “झालं,” तेही जरा नाराजीनेच.

मी फटीतून स्क्रीनकडे बघितलं. भर उन्हात बस बंद पडल्यावर ड्रायव्हरचा होईल तसा चेहरा. हा फोटो कोणत्याही ऑफिसने डोळे झाकून घेतला असता.

वकिलीण पडद्याजवळ येऊन कुजबुजली, “एका फोटोने काही सिद्ध होत नाही. घरून सराव करून आला असेल.”

“असेल ना. मग अजून एक काढ,” मी म्हटलं, पडदा सारला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याने मला बघितलं आणि खळी पडली. तो जिवाच्या आकांताने ओठ आवळत होता, पण चारही दात बाहेर आलेच. वकिलीणबाईंनी बटण दाबलं.

दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी आले. तोच शर्ट, तोच दिवा, मध्ये जेमतेम दोन मिनिटं. तिने आधी एक फोटो मोठा करून बघितला, मग दुसरा.

“मान्य,” ती म्हणाली. शाळेपासून पहिल्यांदाच.

मला तिथेच नाचावंसं वाटलं. नाचले नाही. गंभीर फोटो छापला, नीट कापून पाकिटात घातला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“आठवडाभर आरशासमोर सराव केला हो,” तो म्हणाला. “आईला वाटलं, तिच्यावर रुसलोय.”

“मग आत्ता काय झालं?”

तो पाकीट उलटसुलट करत राहिला. “मघाच्या फोटोला तुम्ही समोर नव्हतात ना,” शेवटी म्हणाला.

काका ऐकत होते, वकिलीण ऐकत होती, बाकावरची दोन गिऱ्हाइकंसुद्धा कान टवकारून बसली होती. ऐकू देत.

“रविवारी काय करताय?” मी विचारलं.

“काही नाही. सकाळपासून काहीच नाही.”

“मग चारला या. बागेच्या फाटकापाशी.”

तो दारापर्यंत गेला आणि परत आला.

“तीनला आलो तर चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.