रोटर उचलायचा दिवस

प्रीती मेश्रामला बातमी कळली ती कॅन्टीनच्या रांगेत. जड यंत्रं उचलणाऱ्या रिगिंग टोळीचे फोरमन धोंडबाकाका मागून आले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात युनिट बंद होऊन राहिलं. मोठा रोटर बाहेर काढाचा आहे. क्रेनवर तूच."

खापरखेड्याच्या वीज केंद्रात ती सहा वर्षं क्रेन चालवत होती. टर्बाइन हॉलच्या छताखाली रुळांवरून सरकणाऱ्या त्या अवाढव्य क्रेनच्या केबिनमध्ये बसून तिनं पंप उचलले, मोटारी उचलल्या, पण रोटर एकदाही नाही. टर्बाइनच्या पोटातला हा फिरता भाग चाळीस टनांच्या वर भरतो, आणि तो काढताना आजूबाजूला बोटभरही जागा नसते. पाच-सहा वर्षांतून एकदा निघतो. क्रेनवर बसणारा प्रत्येक जण त्याच दिवसाची वाट पाहत असतो.

"काहून वं, घाबरली का?"

"नाही काका! मले तर नाचावंसं वाटून राहिलं," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी तिच्या पोटात पीळ पडला.

हा पीळ दोन वर्षांचा होता. कधी जुलाब, कधी चार-चार दिवस काहीच नाही, पोट टम्म फुगलेलं. जरा टेन्शन आलं की पोट आधी ओळखायचं. मागच्या हिवाळ्यात एक मोटार अधांतरी असताना तिला ती खाली टेकवून साठ पायऱ्या उतरून पळावं लागलं होतं. खाली उभी असलेली पंचवीस माणसं बघत राहिली. चक्कर आली, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून ड्यूटी संपेपर्यंत ती काही खात नसे. आणि रोटरला तर तीन तास लागतात. तीन तास केबिन सोडता येत नाही.

तपासण्या सगळ्या झाल्या होत्या. सक्करदऱ्याच्या डॉक्टरबाईंनी रक्त, सोनोग्राफी, अगदी दुर्बिणीतूनही आत पाहून सांगितलं होतं, "आतड्यांना जखम नाही, गाठ नाही. ती नुसती चिडतात. आयबीएस म्हणतात याला." त्यांनी एक गोळी दिली, पण तिनं झापड यायची, आणि झापड घेऊन क्रेनवर कोण बसणार? प्रीतीनं ती बंद केली आणि दवाखान्यात जाणंही सोडलं.

त्या संध्याकाळी घरी तिनं रोटरचं सांगितलं तेव्हा नागसेननं बायकोला उचलूनच घेतलं. सासूबाई, इंदूबाई मात्र पदराला हात पुसत म्हणाल्या, "अन् पोटाचं काय करशीन वं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच उपाय आणला. इतवारीच्या बाजारातून एक इवलीशी बाटली. "पेपरमिंटचं तेल आहे. त्या दुकानदाराच्या बहिणीचं पोट यानंच थांबलं म्हने. चार थेंब गरम पान्यात टाक."

वासानं सगळं स्वयंपाकघर थंडगार झालं. प्रीतीनं डोळे मिटून कप रिकामा केला, आणि दहा मिनिटांत छातीत अशी आग उसळली की ती ओट्याला धरून वाकली. रात्रभर आंबट ढेकर. सकाळी नागसेननं बाटली उचलली आणि दोघींना स्कूटरवर मागे-पुढे बसवून थेट सक्करदरा गाठला.

डॉक्टरबाईंनी बाटली हुंगली आणि त्यांना हसू आवरलं नाही. "औषध बरोबर आहे, रस्ता चुकला. हे तेल स्नायू ढिले करतं. पोटात सुटलं तर जठराच्या तोंडाचा स्नायू ढिला पडतो अन् आम्ल वर येतं, म्हणून छाती जळली. ते आतड्यात जाऊन सुटायला हवं, पीळ तिथं आहे. अन् हे बाटलीतलं तेल प्यायचं नाही बरं का, मोजमाप नसतं त्याला." मग त्यांनी कॅप्सूल लिहून दिली. तिच्यावर असा थर असतो की जठरात ती फुटत नाही. जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची, चावायची नाही, फोडायची नाही, ॲसिडिटीच्या गोळीसोबत तर नाहीच. "सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. पण झापड येत नाही. चार आठवडे पाहू."

"म्हंजे तेल माहं बरोबरच होतं नं?" इंदूबाईंनी विचारलं.

"बरोबर होतं, आजी."

परतताना इंदूबाईंनी स्कूटरवर ते वाक्य चार वेळा ऐकवलं.

पहिले सहा दिवस काहीच झालं नाही. नवव्या दिवशी प्रीतीच्या लक्षात आलं की सकाळी फक्त एकदाच जावं लागलं. बाराव्या दिवशी ती सावनेरला लग्नाला बसनं गेली आणि आली, आणि वाटेत संडास कुठं आहे हे तिनं शोधलंच नाही! घरी येऊन तिनं हे जाहीर केलं तेव्हा इंदूबाईंनी टाळ्या वाजवल्या. एक दिवस मध्येच पोट बिघडलंही, पण पूर्वीसारखं लोळवलं नाही.

चार दिवस उरले तेव्हा ती धोंडबाकाकांकडे गेली. "काका, त्या मोटारीच्या दिवशी चक्कर नव्हती आली. मले आतड्याचा त्रास आहे. औषधानं आता खूप बरं आहे. पण तुमाले माहीत असलं पाहिजे."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "एवढंच? मले वाटलं तुले उंचीची भीती बसली! तीच चिंता होती पोरी." मग म्हणाले, "दुसऱ्या पाळीच्या क्रेनवाल्या दुर्गेशले तुह्या मागच्या स्टुलावर बसवतो. लागलं तर तो क्रेन हाती घेईन. लाज नको धरू."

रविवारी सकाळी सातला तिनं कॅप्सूल घेतली, आठला दोन पोळ्या अन् वरण खाल्लं. ड्यूटीआधी कित्येक महिन्यांनी खाल्लं होतं! दहाला ती केबिनमध्ये होती. मागे दुर्गेश, खाली उघडं टर्बाइन, आणि त्यात चमकणारा रोटर. चार कोपऱ्यांवर चार माणसं फट मोजायच्या पट्ट्या घेऊन बसलेली. वॉकीटॉकीत काकांचा आवाज आला, "प्रीती, हलक्यानं. उपर."

तिनं कळीला बोट लावलं. तार ताणली गेली, क्रेन कण्हली. केसभर वर. थांब. पुन्हा केसभर. चारही कोपऱ्यांतून "बराबर!" आलं. तासाभरात रोटर वीतभर उचलला गेला, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "रुको, रुको! उजवीकडे लागून राहिला!"

सगळं थांबलं. चाळीस टन तिच्या बोटांवर लटकलेले. खाली समतोल पाहायची लेव्हल लावली, सैल दोर कसले, कुणी म्हणालं खाली घ्या, कुणी म्हणालं नका. अर्धा तास गेला. प्रीतीच्या पोटात काहीतरी वळवळलं. तिनं श्वास सोडला आणि ती आकडे मोजू लागली. दुर्गेशनं हळूच विचारलं, "ताई, मी घेऊ?"

वळवळ आली, घुटमळली, आणि विरून गेली. मग पुदिन्याचा एक थंड ढेकर आला आणि तिला एकदम हसू फुटलं.

"नाही गा, बस तू. मस्त आहे मी!"

"प्रीती, डावीकडे थोडीशी सरकव," काका म्हणाले. तिनं क्रेन रुळावर अगदी नखभर ढकलली. "बस्स! आता उपर!" रोटर वर चढू लागला, हातभर, पुरुषभर, आणि मग अख्खाच मोकळा! उन्हाच्या झोतात त्याची हजार पाती एकदम झळाळली. हॉलमध्ये शिट्ट्या घुमल्या, हेल्मेटं वर उडाली. दुर्गेश स्टुलावरून उठून नाचू लागला.

तिनं रोटर हॉलच्या टोकाला नेऊन लाकडी ठोकळ्यांच्या आधारावर ठेवला. आवाजही झाला नाही.

एक वाजला होता. ती साठ पायऱ्या सावकाश उतरली. खाली सगळे हात मिळवायला धावले, पण ती आधी रोटरजवळ गेली. वरून तो हाताएवढा दिसत होता. जवळून तो तिच्यापेक्षा दुप्पट उंच होता. तिनं हातमोजा काढून एका पात्याला तळवा लावला. उन्हानं ते कोमट झालं होतं.

"ए प्रीती," काका मागून ओरडले, "पंधरा दिवसांनी हाच परत आत बसवाचा आहे. बसवनं काढन्यापेक्षा कठीण असते. येशीन ना?"

"आजच बसवू म्हनसान तरी तयार आहे मी!" ती म्हणाली, आणि जेवणाच्या डब्याकडे निघाली. कडकडून भूक लागली होती.